हिरवळीचे वार्षिक कंत्राट चालू ठेवावे की थांबवावे?

पत्राचा सारांश: “दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या घरात राहायला आलो. घराच्या पुढे आणि मागे मिळून साधारण २०० चौरस मीटर लॉन आहे. पहिल्याच हंगामात एका लॉन सांभाळणाऱ्या कंपनीने पहिली फेरी निम्म्या दरात देऊ केली, म्हणून वर्षाला सहा फेऱ्यांचे कंत्राट घेतले. त्यात खत आणि तणनाशक येते. ते दरवर्षी आपोआप पुढे चालू राहते. यंदा दर वाढला आहे. शिवाय फवारणीला येणाऱ्या तरुणाचे म्हणणे असे की, कडेचे पिवळे पट्टे हुमणीचे, म्हणजे गवताची मुळे खाणाऱ्या अळीचे असावेत, म्हणून हुमणीचा वेगळा उपचार, जमिनीला भोके पाडण्याचे काम आणि चुना हे तिन्ही घ्यावे. ते धरले तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो. माझे पती म्हणतात, ही सरळ लुबाडणूक आहे, आजच बंद कर. मला वाटते, बंद केले तर लॉन मरेल आणि दोन वर्षांचा पैसा पाण्यात जाईल. शेजाऱ्यांची हिरवळ बारा महिने टवटवीत असते, आमची मात्र उन्हाळ्यात तपकिरी पडते. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि एक कुत्रा आहे. घरचा हिशेब मी पाहते. मी काय करावे?”

तुमच्या पत्रात दोन मते आहेत आणि दोन्ही कंपनीविषयी आहेत. पतींना ती लबाड वाटते, तुम्हाला ती अपरिहार्य वाटते. जमिनीविषयी मात्र पत्रात एकच निदान आहे, आणि तेही ज्याला तिन्ही जादा उपचार विकायचे आहेत त्याने उभ्या उभ्या केलेले. तो तरुण खोटे बोलतो आहे असे मी म्हणत नाही. कंपनी पूर्ण प्रामाणिक असूनही तिची सेवा तुमच्या हिरवळीला गरजेपेक्षा जास्त असू शकते, कारण तुम्ही विकत घेतले आहे ते वेळापत्रक. वेळापत्रक शेकडो घरांसाठी एकदाच ठरते आणि ते ठरवताना तुमची माती कोणी हातात घेतलेली नसते. म्हणून “कंपनी ठेवू की काढू” हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून आधी पैसे कशाचे जातात ते पाहू.

सर्वसाधारण वार्षिक कंत्राटातल्या फेऱ्यांचे काम ठरलेले असते. हंगामाच्या सुरुवातीला तण उगवू नये म्हणून मातीच्या वरच्या थरात बसणारे औषध, मग खत आणि रुंद पानांच्या तणांवर फवारणी, मधल्या काळात पुन्हा खत, आणि शेवटी हंगाम संपताना एक खत. गवत कापणे आणि पाणी देणे, म्हणजे हिरवळ चांगली किंवा वाईट दिसण्याची दोन सर्वांत मोठी कारणे, या कंत्राटात बहुधा नसतातच. ती तुमच्याकडेच राहतात. त्यामुळे असे घडते की चुकीच्या उंचीवर कापलेल्या आणि रोज वरवर शिंपडलेल्या गवतावर वर्षातून सहा वेळा महागडे उपचार होतात, मुळातले दुखणे तसेच राहते आणि पुढच्या फेरीला कारण मिळत राहते.

आता हिशेब करा. पहिले काम म्हणजे लॉन स्वतः टेपने मोजणे. दर क्षेत्रफळाच्या टप्प्यांवर ठरतात आणि ते क्षेत्रफळ पुष्कळदा नकाशावरून किंवा नजरेने धरलेले असते. त्यात कधी कधी गाडीची वाट, झाडांचे आळे आणि फरशी लावलेला भागही मोजला जातो. मोजमाप कमी निघाले तर कंपनीला तसे कळवा, कारण एक टप्पा खाली आल्याने दरात फरक पडतो. अगदी लहान हिरवळीची गोष्ट उलट असते. तेथे प्रत्येक फेरीचे किमान शुल्क लागते, त्यामुळे दर चौरस मीटरचा खर्च मोठ्या लॉनपेक्षा बराच जास्त पडतो.

दुसरे काम खताचे गणित. खताच्या पिशवीवर तीन आकडे छापलेले असतात आणि ते अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे शेकडा प्रमाण सांगतात. साध्या घरगुती हिरवळीला वर्षभरात दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम नत्र पुरेसे होते. तुमच्या २०० चौरस मीटरला म्हणजे वर्षाला २ ते ३ किलो नत्र लागेल, आणि पिशवीवरचा पहिला आकडा २५ असेल तर ८ ते १२ किलो खत. तेवढ्या खताची किंमत दुकानात विचारा आणि ती कंत्राटाच्या रकमेशेजारी लिहा. गवत कापल्यावर बारीक कापलेली पाती गोळा न करता तिथेच पडू दिली, तर वर्षाच्या नत्राच्या गरजेतला जवळजवळ पाव भाग त्यातूनच परत मिळतो. कंत्राटाच्या चार फेऱ्यांत दर वेळी ५ ग्रॅम नत्र पडत असेल तर वर्षाला २० ग्रॅम होते. मैदानासारखी गर्द हिरवळ हवी असेल तर ते ठीक आहे, पण मूल आणि कुत्रा जिथे खेळतात त्या अंगणाला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यात भागते.

खताची किंमत आणि कंत्राटाची रक्कम यांतले अंतर पाहून पती म्हणतील, बघ, मी सांगत होतो. त्यांना थोडे थांबवा. त्या अंतरात माणसाची मजुरी, गाडीचे येणे-जाणे, विमा, फवारणीसाठी लागणारा परवाना, यंत्रे आणि प्रशिक्षण हे सारे आहे. स्वतः खत टाकायचे म्हटले तर चाकाचे खतपेरणी यंत्र विकत किंवा भाड्याने घ्यावे लागते, पिशव्या कोरड्या जागी आणि मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्या लागतात, आणि पट्टे एकमेकांवर चढले तर जळक्या रेषा उमटतात, त्या महिनाभर सगळ्यांना दिसत राहतात. ज्यांना वेळ नाही, वाकता येत नाही किंवा ज्यांची हिरवळ फार मोठी आहे त्यांनी कंपनीला पैसे देणे म्हणजे फसणे नव्हे. तुम्ही श्रम विकत घेत आहात हे तुम्हाला ठाऊक असावे, एवढेच. कंत्राटाच्या कागदावर मात्र ते श्रम “उपचार” म्हणून लिहिलेले असतात आणि त्यामुळे नाकारताना आजारी माणसाचे औषध तोडल्यासारखे वाटते.

तुमच्या भीतीच्या मुळाशी एक समजूत आहे, की तपकिरी गवत म्हणजे मेलेले गवत. गवताचे ढोबळ दोन वर्ग आहेत. थंड हवेत वाढणारी गवते कडक उन्हाळ्यात वाढ थांबवून तपकिरी होतात, आणि हरळीसारखी उष्ण हवेतली गवते थंडीत तशीच होतात. ही सुप्तावस्था आहे. वरची पाती वाळतात, पण जमिनीलगतचा गाभा जिवंत राहतो आणि हवा बदलली की तिथूनच नवे पाते फुटते. पाहायचे असेल तर तपकिरी भागातले एक रोप मुळासकट उपटा आणि मुळांच्या अगदी वरचा भाग नखाने सोला. तो पांढरट आणि ताठ असेल तर गवत जिवंत आहे. सुकून ठिसूळ झाला असेल तर ते गेले. सुप्त गवताला खत देणे व्यर्थ असते आणि उन्हात तर हानिकारकही ठरते. म्हणून शेजाऱ्यांशी तुलना करण्याआधी त्यांना दोनच गोष्टी विचारा, त्यांचे गवत कोणत्या जातीचे आहे आणि ते पाणी किती देतात. बारमाही हिरवेपणाची किंमत पुष्कळदा पाण्याच्या बिलात निघते आणि ते बिल कुंपणावरून दिसत नाही.

कापणीविषयी मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या हातातला सर्वांत स्वस्त उपचार हाच आहे. थंड हवेतले गवत ६ ते ९ सेंटीमीटर उंच ठेवावे. हरळीच्या जातींना २ ते ५ सेंटीमीटर चालते. एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. उंच गवताची मुळे खोल जातात, त्याची सावली मातीवर पडते आणि त्या सावलीत तणांचे बी सहज उगवत नाही. म्हणजे तणनाशकाचे अर्धे काम कापणी यंत्राचे चाक एक खाच वर केल्याने होते. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळीवर खाली बसून एकच पाते हातात घ्या. त्याचे टोक सरळ कापलेले असेल तर ठीक. टोकाला धागे निघालेले असतील आणि तो भाग पांढुरका-तपकिरी पडला असेल, तर यंत्राचे पाते बोथट झाले आहे, ते गवत कापत नाही, ओढून फाडते. असे हजारो फाटके शेंडे एकत्र दिसले की सगळी हिरवळ दुरून पिवळट वाटते, आणि लोक त्यावर खत टाकतात. पाते धार लावून आणण्याचा खर्च एका फेरीच्या खर्चापुढे काहीच नाही.

पाण्याचेही तसेच आहे. पाऊस धरून आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी वाढीच्या काळात पुरते आणि ते एक-दोन वेळा भरपूर दिलेले बरे, म्हणजे ओल १० ते १५ सेंटीमीटर खाली उतरते. रोज दहा मिनिटे शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि पहिल्या उन्हाच्या तडाख्यात गवत माना टाकते. फवाऱ्याखाली सपाट तळाचे दोन-तीन डबे ठेवा आणि किती वेळात २५ मिलिमीटर भरते ते पाहा. पाणी पहाटे द्यावे. रात्रभर ओली राहणारी पाती आणि जादा नत्र यांच्या जोडीने बुरशीचे डाग येतात, आणि मग त्याचाही एक उपचार यादीत चढतो.

तणांचा विचार जरा जुन्या काळापासून करू. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवताला सोडते, त्यामुळे हिरवळीसाठी ते वरदान मानले गेले. पण त्याआधी हिरवळीच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर हे शेंगवर्गीय छोटे झाड मुद्दाम मिसळलेले असे, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. औषधाने गवताबरोबर वाढणारे हे फुकट खत देणारे झाडही मेले, त्याची गणना तणांत झाली, आणि जो नत्र ते देत होते तो पिशवीतून आणावा लागला. तुम्ही आज ज्या दोन गोष्टींचे पैसे भरता, तणनाशक आणि खत, त्यांतली दुसरी काही अंशी पहिलीमुळे लागते. म्हणून लॉनमध्ये थोडे क्लोव्हर दिसले तर ते चालेल का, याचा निर्णय तुम्ही दोघांनी घ्यावा, वेळापत्रकाने घेऊ नये. क्लोव्हरला फुले येतात आणि फुलांवर मधमाश्या येतात, मूल अनवाणी खेळत असेल तर ते ध्यानात ठेवावे लागते. पण तोही कापणीने आवरणारा प्रश्न आहे.

औषधांशिवाय हिरवळ टिकत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक माहिती. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील हडसन या छोट्या गावाने १९९१ साली केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशक-तणनाशक वापरावर बंदी घातली. हिरवळ सांभाळणाऱ्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. पुढे ऑन्टारिओ प्रांताने २००९ मध्ये तशीच बंदी प्रांतभर लागू केली. तेथील घरांपुढची हिरवळ नाहीशी झाली नाही. तणे थोडी वाढली, आणि लोक ती सहन करायला किंवा हाताने उपटायला शिकले. याचा अर्थ प्रत्येकाने तसेच करावे असा मी काढत नाही. फवारणी ही एक निवड आहे, एवढेच त्यावरून कळते.

आता ते तीन जादा उपचार. त्यांतल्या हुमणीविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण तिथे अंदाजावर पैसे जातात आणि पडताळा घरबसल्या होतो. पिवळा पट्टा आणि निरोगी गवत जिथे मिळतात तिथे कुदळीच्या पात्याने ३० सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापा आणि साधारण ५ ते ८ सेंटीमीटर खोल गवताचा तो तुकडा चौथ्या बाजूवर उलटा. खालच्या मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या मोजा. चार-पाच निघाल्या तर निरोगी गवत ते सोसते, काही करू नका. दहाच्या वर निघाल्या तर उपचाराचा विचार योग्य आहे. लगेच तुकडा जागी बसवून पाणी द्या, तो पुन्हा रुजतो. अशी तपासणी तीन-चार ठिकाणी करा. हुमणीने मुळे खाल्लेली असतील तर तेथील गवत हाताने ओढताच सतरंजीसारखे गुंडाळले जाते. ते घट्ट बसलेले असेल तर पट्ट्यांचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. तुम्ही लिहिता की पट्टे कडेला आहेत. फरशीच्या कडेला माती लवकर तापते आणि वाळते, फवाऱ्याचे पाणी कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि घरात कुत्रा असेल तर त्याची ठरलेली जागाही बहुधा कडेलाच असते. कुत्र्याच्या मुत्राचे डाग मध्ये जळके आणि भोवती गडद हिरवे वलय असे दिसतात, ते ओळखायला सोपे आहेत.

शिवाय हुमणीचे औषध केव्हा द्यायचे यालाही अर्थ आहे. प्रतिबंधक औषधे अंडी फुटण्याच्या सुमारास जमिनीत असावी लागतात. अळ्या मोठ्या झाल्यावर ती फारशी लागू पडत नाहीत. त्या तरुणाला विचारा की, कोणते औषध, कोणत्या अवस्थेतल्या अळीसाठी, आणि आत्ता का. उत्तर नीट मिळाले तर त्याच्यावरचा तुमचा विश्वास वाढेल, तोही फायदाच आहे. औषध द्यायचेच ठरले तर आधी हिरवळीतली फुले कापून टाकायला सांगा, नाहीतर मधमाश्यांना त्याचा त्रास होतो.

जमिनीला भोके पाडण्याच्या कामाविषयी माझे मत वेगळे आहे. तिन्हींतले हेच एक पैशाच्या तोलाचे असू शकते. नव्या घराभोवतीची जमीन बांधकामाच्या गाड्यांनी दबलेली असते आणि मुलांच्या खेळण्याने आणखी घट्ट होते. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब पेचकस मातीत दाबून पाहा. तो १० सेंटीमीटरपर्यंत सहज गेला तर भोके पाडण्याची घाई नाही. दोन-तीन सेंटीमीटरवर अडला तर माती खरेच घट्ट आहे आणि तिथे कोणतेही खत अर्धेच कामी येते. मात्र यंत्र पोकळ दात्यांचे असावे, जे मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढून वर टाकते. नुसते खिळे टोचणाऱ्या चपला किंवा रोलर भोकाच्या भिंती आणखी दाबतात. मातीत मुरवायचे द्रव औषध याच नावाखाली विकले जात असेल तर ते यंत्राची बरोबरी करत नाही हे लक्षात ठेवा. हे काम गवत जोमाने वाढत असताना करावे, बाहेर पडलेल्या गुंडाळ्या तशाच वाळू द्याव्यात, आणि विरळ जागी बी पेरायचे असेल तर त्याच वेळी पेरावे. येथे एक अडचण अनेकांना नंतर कळते. तण उगवू न देणारे औषध गवताचे बीही उगवू देत नाही. ज्या हंगामात ते पडले असेल त्या हंगामात पुढचे दोन-तीन महिने पेरणीचा पैसा वाया जातो, म्हणून पेरायचे असेल तर कंपनीला ती फेरी वगळायला आधी सांगावे.

चुन्याचे उत्तर लहान आहे. मातीचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच, पाहिल्याशिवाय चुना घालू नये. हिरवळीला ६ ते ७ सामू मानवतो; तो आधीच तेवढा असेल तर चुना उपयोगाचा नाही आणि जास्त झाला तर लोहाची कमतरता होऊन गवत पिवळे पडते. हिरवळीतल्या दहा-बारा जागांची ७ ते १० सेंटीमीटर खोलीवरची माती एकत्र मिसळून प्रयोगशाळेत द्या. माती परीक्षणाचा खर्च साधारणपणे एका फेरीपेक्षा कमी येतो आणि तीन वर्षांतून एकदा केले तरी चालते. त्याच अहवालात स्फुरद पुरेसा आहे असे दिसले तर स्फुरद नसलेले खत घ्या. पावसाबरोबर वाहून गेलेला स्फुरद तळ्यांत शेवाळ माजवतो, म्हणूनच अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००५ पासून हिरवळीच्या खतातल्या स्फुरदावर राज्यभर निर्बंध लागू केले.

मुलाविषयी आणि कुत्र्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्रातली खरी काळजी कदाचित तीच असावी. प्रत्येक फेरीनंतर कोणते उत्पादन, किती प्रमाणात, कुठे पडले याचा कागद मागा आणि उत्पादनाच्या लेबलावर पुन्हा त्या जागेवर जाण्यासाठी किती वेळ सांगितला आहे तो पाहा. द्रव फवारणी पूर्ण वाळेपर्यंत आणि दाणेदार औषध पाणी देऊन मातीत उतरून वर वाळेपर्यंत मुलाला व कुत्र्याला दूर ठेवणे ही किमान गोष्ट आहे. घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, कुत्र्याचे पंजे पुसावेत. सगळ्या हिरवळीवर सरसकट फवारण्याऐवजी जिथे तण आहे तिथेच औषध टाकायला सांगितले तर औषध कमी लागते, आणि कंपनी ते करायला तयार होते की नाही यावरून तिच्या कामाची पद्धतही कळते.

पर्याय असे आहेत. सारे तसेच चालू ठेवून तिन्ही उपचार जोडणे, हा मला तपासणीशिवाय पटत नाही. सारे आजच बंद करणे पतींच्या मनासारखे होईल, आणि लॉन त्याने मरणारही नाही. खताविना ती हळूहळू फिकी आणि विरळ होईल, तणे एक-दोन हंगामांत वाढतील, पण पुरेशी उंच कापलेली आणि नीट पाणी दिलेली हिरवळ ही घसरण बरीच रोखते. या वाटेची खरी अडचण दुसरीच आहे. बंद केल्यानंतर कापणी, पाणी, खत याकडे कोण पाहणार हे ठरलेले नसेल तर दोन वर्षांनी कोणीतरी पुन्हा निम्म्या दरातली पहिली फेरी घेईल. तुमच्या घरात ते काम कोणाच्या वाट्याला येईल हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला शंका आहे की ते तुमच्याच येईल. “बंद कर” म्हणणाऱ्याने वर्षातून दोन वेळा खताचे यंत्र ढकलण्याची आणि दर आठवड्याला कापणीची जबाबदारी घ्यावी, असे पतींना सांगायला हरकत नाही.

मी तुमच्या जागी असते तर मधली वाट धरली असती. माती परीक्षण आणि अळ्यांची मोजणी आधी, मग वार्षिक कंत्राटाऐवजी सुटी कामे, म्हणजे पेचकस अडला तर भोके पाडण्याचे एक काम कंपनीला किंवा यंत्र भाड्याने देणाऱ्याला, आणि दोन वेळा खत घरच्या घरी. खत टाकणे नकोच असेल तर कंपनीला सहाऐवजी दोन किंवा तीन फेऱ्यांचा दर विचारावा. पुष्कळ कंपन्या तो देतात, जाहिरातीत तो दिसत नाही एवढेच. दोन वर्षे गेलेल्या पैशाचा या निर्णयाशी संबंध नाही. ते खत गवताने खाल्ले, त्याचे काम झाले. पुढच्या वर्षी देणार त्या पैशाचे काय मिळेल, इतकेच पाहायचे आहे.

मोठी हिरवळ असलेल्या किंवा घर विकायला काढलेल्या वाचकांचा हिशेब वेगळा असू शकतो. पहिल्यांना श्रमासाठी कंपनी परवडते, दुसऱ्यांना एका हंगामाचा टवटवीतपणा पुरतो. आणि ज्यांच्या लॉनचा काही भाग दाट झाडाच्या सावलीत आहे, जिथे वर्षानुवर्षे पेरूनही गवत तग धरत नाही, त्यांनी तेवढा भाग सावलीतल्या झुडपांना किंवा पालापाचोळ्याच्या आच्छादनाला देऊन टाकावा. क्षेत्रफळ कमी झाले की दरही उतरतो आणि तिथे कोणत्याही उपचाराने न सुटणारा प्रश्नच उरत नाही.

राहिला प्रश्न कंत्राटाचा. ते आपोआप पुढे चालू राहणारे आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या किती दिवस आधी नकार कळवायचा असतो हे कलम आजच शोधा आणि ती तारीख गाठा. फोनवर सांगितलेले पुरत नाही, ईमेल किंवा पत्राने कळवा आणि पोच मागा. वर्षाची रक्कम आगाऊ भरून सवलत घेतली असेल तर न झालेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळतात का ते विचारा, आणि “समाधानाची हमी” असे छापलेले असेल तर ती हमी पैसे परत देण्याची आहे की फक्त पुन्हा एक फेरी मारण्याची, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. नकाराची तारीख टळून गेली असली तरी जादा उपचार तुमच्यावर बंधनकारक होत नाहीत. ते वेगळे काम आहे आणि त्याला तुमची वेगळी संमती लागते. तो तरुण पुढच्या फेरीला येईल तेव्हा हुमणीच्या उपचाराला “हो” किंवा “नाही” म्हणण्यापूर्वी त्यालाच तो चौकोन कापून दाखवायला सांगा आणि अळ्या मोजताना शेजारी उभ्या राहा. चुन्याविषयी त्याला सांगा की मातीचा अहवाल आल्यावर कळवेन.